काच फुटली तरी सुटू नये!

दिवाळी जवळ आली की घरातल्या प्रत्येक वस्तूची वर्षातून एकदा विचारपूस होते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात, पडदे धुतले जातात आणि सरतेशेवटी पाळी येते ती खिडक्यांच्या काचांची. ओल्या वर्तमानपत्राने घासून तावदाने लख्ख केली जातात आणि गृहिणी दोन पावले मागे सरून समाधानाने म्हणते, "आता काच आहे की नाही तेच कळत नाही!"

काच दिसू नये हे तिचे भूषण खरेच. पण तिचा धोकाही नेमका तोच. बाल्कनीचे दार उघडे आहे अशा समजुतीने चेंडूमागे धावणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही ती दिसत नाही, आणि मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही दिसत नाही. घरातल्या इतर धोक्याच्या वस्तू आपण ओळखून असतो. फिनेलची बाटली उंचावर ठेवतो, विळी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवतो, गॅसचा खटका रात्री आठवणीने बंद करतो. काचेसाठीही काही करावे लागते, हे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नाही. ते यावे, आणि त्यावर जो एक सोपा उपाय आहे त्याची गुणदोषांसह ओळख व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

तावदान गेले, भिंतभर काच आली

जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खिडक्या आठवून पाहा. लाकडी झडपा, आडवे-उभे लोखंडी गज आणि वरच्या बाजूला लांबीने बसवलेली हातभर तावदाने. विटी उडून एखादे तावदान फुटलेच, तर वडील मुलाचा कान पिळीत आणि तिथे पुठ्ठा लावून महिनाभर काम भागे. अंताजी दामोदर काळे यांनी सुरू केलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. त्या काळच्या सामान्य घरात काच म्हणजे कंदिलाची चिमणी, औषधाची बाटली, भिंतीवरचा आरसा आणि बांगड्या, एवढाच पसारा.

पुढे इंग्लंडात पिल्किंग्टन यांच्या कारखान्यात वितळलेल्या कथलावर काचरस तरंगत ठेवून सपाट काच बनवण्याची युक्ती सिद्ध झाली आणि १९५९ साली ती जाहीर करण्यात आली. काच सफाईदार झाली, मोठी झाली, स्वस्त झाली. आज फ्लॅटमध्ये पाऊल टाका. हॉलला अॅल्युमिनियमच्या चौकटीचे सरकते दार, बंद करून घेतलेल्या बाल्कनीला तीन बाजूंनी काच, न्हाणीघरात काचेचा आडोसा, कपाटाला पुरुषभर आरसा, मधोमध काचेची टीपॉय! दाराची ३ फूट रुंद आणि ७ फूट उंच अशी एक पाळी घ्या. काच ५ मिलिमीटर जाडीची असली, तर त्या एका पाळीतल्या काचेचे वजन जवळजवळ २४ किलो भरते. एवढे वजन तुकड्यातुकड्यांनी अंगावर आले म्हणजे काय होईल, याची कल्पना केलेली बरी.

काचेचे तीन स्वभाव

काचवाल्याच्या दुकानात सगळ्या काचा सारख्याच दिसतात. पण फुटताना प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

पहिली साधी काच. ही फुटते ती लांबट, टोकदार सुऱ्यांसारखी. खालचा भाग चौकटीत दातांसारखा उभा राहतो आणि वरचा भाग कोयत्यासारखा खाली येतो. काचेत आरपार गेलेला हात घाबरून मागे ओढला जातो आणि खरी जखम कित्येकदा त्या ओढण्यातच होते. मनगटाजवळच्या शिरा आणि स्नायुबंध तिथे तुटतात. जुन्या इमारतींतून बहुधा हीच काच असते.

दुसरी टफन्ड काच. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून वाऱ्याच्या झोताने झपाट्याने थंड केली की ती चार-पाच पट बळकट होते. फुटलीच तर तिचे साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे होतात. मात्र एकदा अशी काच तयार झाली की ती पुन्हा कापता येत नाही. आणि क्वचित, काचेत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे, ती कुणी हात न लावताही आपोआप फुटते.

तिसरी लॅमिनेटेड काच. म्हणजे दोन काचांच्या मध्ये चिवट पडदा. हिची जन्मकथा गमतीची आहे. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचेचा चंबू खाली पडला. चंबूला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. कारण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर होता, असे सांगतात. पुढे १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये असा थर घालण्याचे पेटंट घेतले. मोटारीची समोरची काच फुटूनही जागच्या जागी राहते ती याच तत्त्वाने.

नवे घर बांधताना दारांना टफन्ड किंवा लॅमिनेटेड काच घालणे हाच उत्तम मार्ग. परंतु ज्यांची घरे आधीच बांधून झाली आहेत, त्यांनी काय करावे? साऱ्या काचा काढून नव्या बसवणे हे खर्चाचे आणि धुळीचे काम. अशा घरांसाठी सेफ्टी फिल्म आहे. बसलेल्या काचेला मागाहून लावलेले अस्तर, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल.

खिडकीशी उभे राहणाऱ्यांची गोष्ट

काच किती दूरवर घात करू शकते याची साक्ष इतिहासात आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेले एक जहाज पेटले. आग पाहायला लोक खिडक्यांशी गोळा झाले आणि तेवढ्यात स्फोट झाला. पाहणाऱ्यांच्या तोंडावर काचा फुटल्या. शेकडो लोकांचे डोळे जखमी झाले आणि कित्येकांची दृष्टी कायमची गेली.

आपल्या मुंबईनेही असा दिवस पाहिला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा दहा-बारा किलोमीटरपर्यंतच्या घरांच्या खिडक्या खळाखळा फुटल्याचे जुन्या मुंबईकरांच्या घरोघरी सांगितले जाई.

आणि अगदी अलीकडे, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात एक उल्का फुटली. आधी प्रकाश दिसला. हादरा पोहोचला तो एक-दोन मिनिटांनी. मधल्या वेळात लोक खिडकीशी आले. सुमारे दीड हजार जखमींपैकी बहुतेकांना लागले ते काचांनी. तिथल्या एका शाळेत मात्र शिक्षिकेने प्रकाश दिसताच वर्गातल्या मुलांना बाकांखाली बसवले. मुले सुखरूप राहिली. उभ्या राहिलेल्या बाईंच्या हाताला तेवढी काच लागली.

आपल्या घरात उल्का यायला नको आणि जहाजही नको. वाऱ्याने आपटलेले दार, सुटलेला क्रिकेटचा चेंडू, दिशा चुकलेला दिवाळीतला बाण किंवा ओल्या फरशीवरून घसरलेला एक पाय एवढे पुरे असते. पण या साऱ्या गोष्टींतला धडा एकच. काच फुटणे कुणाला टाळता येईल न येईल. फुटलेली काच जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे.

फिल्म काय करते आणि काय करीत नाही

सेफ्टी फिल्म पॉलिएस्टरची असते. तिच्या एका अंगाला विशेष चिकट थर असतो आणि दुसऱ्या अंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कठीण लेप. घरगुती कामासाठी साधारण १०० मायक्रॉन जाडीची फिल्म वापरतात. अधिक बळकटी हवी असेल तर १७५ ते २०० मायक्रॉनची. बाजारात उन्हासाठी मिळणारी काळी किंवा चंदेरी फिल्म बहुधा याच्या निम्म्याहून अधिक जाड नसते. तिला सेफ्टी फिल्म समजून घरी आणणे म्हणजे छत्रीच्या भरवशावर पुरात उतरणे होय.

घरमालकीण आणि विक्रेता यांच्यातला एक संवाद ठरलेला असतो.

"दादा, मग काच फुटणारच नाही ना?"

"काय बोलता ताई! हातोडा मारला तरी फुटणार नाही!"

असे सांगणाऱ्याला चहा जरूर पाजावा. काम मात्र देऊ नये. कारण फिल्म लावल्याने काच फुटायची थांबत नाही. ती फुटते, तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. पण तुकडे फिल्मला धरून राहतात. सुरी होण्याऐवजी काचेची गोधडी होते म्हणा ना! फिल्मचे काम एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

हे काम फिल्म खरोखर करते की नाही, याची परीक्षा घेण्याची रीत आहे. युरोपातल्या ई.एन. १२६०० या मानकात दोन टायर बसवलेला ५० किलो वजनाचा लंबक १९०, ४५० आणि १२०० मिलिमीटर उंचीवरून काचेवर सोडतात. जणू एखादा माणूसच धडकला! आपल्याकडे इमारतींतल्या सुरक्षित काचेसाठी आय.एस. २५५३ हे मानक आहे. फिल्म घेताना, 'हिची कोणती चाचणी झाली आहे, कागद दाखवा,' असे विचारायला संकोच करू नये. कागद निघाला नाही तर दुसरे दुकान पाहावे.

आता मर्यादा. फिल्म लावलेली काच तुकड्यांनी पडत नाही. पण चौकटीतली पकड ढिली असेल तर ती अखंड चादरीसारखी बाहेर येऊ शकते. उंच मजल्यावरच्या खिडकीच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. अशा ठिकाणी फिल्मची कड आणि चौकट खास सिलिकॉनने एकमेकींना जखडून घेता येते. पण आधी जुने रबर, सैल झालेले स्क्रू आणि गंजलेली चाके दुरुस्त झाली पाहिजेत.

वादळाचेही असेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्यात आणि १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळाने मुंबईत वारा काय करू शकतो ते दाखवले. फिल्ममुळे काचांचे उडणे कमी होईल. पण ती म्हणजे वादळाला अडवणारी झडप नव्हे. महायुद्धात लंडनमध्ये तावदानांवर कागदी पट्ट्यांच्या फुल्या चिकटवीत. ती आठवण धरून आजही काही जण चिकटपट्टीच्या फुल्या मारतात. अमेरिकेतले वादळतज्ज्ञ मात्र तसे करू नका असेच सांगतात. काच बळकट होत नाही, उलट तुकडे मोठे होऊन सुटतात. वारा सुटला की खिडकीपासून दूर जाणे हेच शहाणपण.

आधी कुठे लावावी?

सगळ्या घराला एकदम फिल्म लावण्याची गरज नाही. मध्यमवर्गीय घराचे अंदाजपत्रक आम्हालाही ठाऊक आहे! ब्रिटनमधल्या इमारत-नियमांनी धोक्याच्या जागा ठरवून दिल्या आहेत, त्या आपल्यालाही उपयोगी पडतील. दारांची आणि दाराला लागून असलेली काच जमिनीपासून १५०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच फुटांपर्यंत, धोक्याची मानावी; आणि इतर खिडक्यांची ८०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच फुटांपर्यंत.

एका संध्याकाळी टेप घेऊन घरभर फिरा. पहिला क्रमांक बाल्कनीच्या सरकत्या दाराचा. दुसरा न्हाणीघरातल्या आडोशाचा, कारण तिथे पाय ओला आणि अंग उघडे असते. तिसरा, ज्या खिडकीखाली पलंग, पाळणा किंवा अभ्यासाचे टेबल आहे तिचा. त्यानंतर कपाटाचा आरसा आणि टीपॉय. आरशाला फिल्म मागच्या बाजूने लावतात आणि टीपॉयच्या काचेला खालून. न्हाणीघराच्या खिडकीतल्या आडव्या काचपट्ट्यांना फिल्मपेक्षा घट्ट खाचांची अधिक गरज असते. हलणारी पट्टी आधी बसवून घ्यावी. स्वयंपाकघरातली छातीच्या वरची लहान खिडकी पुढच्या वर्षावर टाकली तरी चालेल.

काचेच्या कोपऱ्यात कायमचा छापलेला लहान शिक्का दिसला तर ती टफन्ड असण्याचा संभव आहे. तिलाही फिल्म लावली तर आपोआप फुटल्यावर खड्यांची बरसात टळते. परंतु तिची निकड साध्या काचेहून कमी.

एक गैरसमज येथेच दूर करावा. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर फिल्म लावण्यास मनाई केली, तेव्हापासून 'फिल्मला बंदी आहे' असे काहींच्या मनात बसले आहे. तो आदेश मोटारींसाठी होता. घराच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही.

काम करून घेताना

फिल्म आतल्या बाजूने लावावी. ऊन-पावसापासून ती दूर राहते आणि अधिक काळ टिकते. काच गुळगुळीत हवी. खडबडीत नक्षीच्या किंवा घासून धूसर केलेल्या बाजूवर फिल्म नीट बसत नाही. जाळीदार तार घातलेल्या काचेला, आणि जिच्यावर दिवसभर ऊन येते अशा साध्या काचेला, गडद फिल्म लावू नये. उष्णता शोषून काच तडकू शकते. स्वच्छ, पारदर्शक फिल्म घेतली की ही भीती पुष्कळ कमी होते. शिवाय तीही उन्हातले अतिनील किरण बव्हंशी अडवते, त्यामुळे पडदे आणि सोफ्याचे कापड विटण्याचा वेग थोडा मंदावतो.

कारागीर आधी काच धुतो, पात्याने रंगाचे ठिपके खरवडतो आणि पुन्हा धुतो. या धुण्यातच अर्धे काम असते; राहिलेला धुळीचा कण पुढे कायम डोळ्यांत खुपतो. म्हणून पंखा बंद ठेवावा आणि त्या वेळी केर काढू नये. मग पाण्यात शाम्पूचे थोडे थेंब घालून काचेवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारतात, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर आणता येते. नंतर मधून कडांकडे रबरी पट्टी दाबत नेऊन पाणी बाहेर काढतात. चौकटीलगत एक-दोन मिलिमीटरची फट सोडली जाते. ती कारागिराची चूक समजू नये, पाणी निघून जाण्याची ती वाट आहे.

फिल्मचा गठ्ठा साधारण पाच फूट रुंदीचा येतो. काच त्याहून रुंद असली तर सांधा येईल. तो कुठे येणार हे आधीच विचारावे. दर चौरस फुटावर सांगतात. तेव्हा माप काचेचे की चौकटीसकट, वाया जाणारे तुकडे कुणाच्या खाती, आणि हमी लेखी आहे की तोंडी, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

लावल्यावर काही दिवस फिल्म किंचित धूसर दिसेल, पाण्याचे लहान फुगेही दिसतील. घाबरून सुईने टोचू नये. ते पाणी हळूहळू सुकते. पकड पुरती बसायला साधारण महिना लागतो. जाड फिल्मला अधिक. तेवढे दिवस ती काच धुऊ नये. म्हणजेच, दिवाळीच्या आदल्या दिवशी फिल्म लावून दुसऱ्या दिवशी काचा घासण्याचा बेत नको! पुढेही मऊ कापड आणि सौम्य साबण पुरे. अमोनियाचे द्रव, खरबरीत घासणी आणि कोरडे वर्तमानपत्र यांना रजा द्यावी.

आणखी दोन गोष्टी. प्रत्येक खोलीतली निदान एक खिडकी सहज उघडणारी ठेवा. आग लागल्यास फिल्म लावलेली काच फोडून वाट करणे कठीण जाते. आणि मोठ्या काचेवर दोन उंचींवर काहीतरी दिसेल असे चिकटवा. एक मोठ्यांच्या डोळ्यांसमोर, एक मुलांच्या. रांगोळीची नक्षी असो की साधी रंगीत पट्टी, 'इथे काच आहे' एवढे तिने सांगितले की पुरे. फिल्म धडकेनंतर वाचवते. नक्षी धडकच टाळते, आणि तीही चार पैशांत.

तरीही काच लागलीच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. रुतलेला तुकडा ओढून काढू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्या. रक्त थांबत नसेल तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा. मनगट, तळहात किंवा बोटांवरची जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. आतला स्नायुबंध तुटला असेल तर वरून कळत नाही. 'काच लागली आहे' हे त्यांना आवर्जून सांगा. बहुतेक काच एक्स-रेमध्ये दिसते. घरातले काचेचे बारीक कण ओल्या कणकेच्या गोळ्याने टिपावेत, आणि तो गोळा कागदात बांधून, वर 'काच' असे लिहून मगच कचऱ्यात द्यावा. उद्या तो उचलणाराही कुणाचा तरी मुलगाच आहे.

दिवाळीत घरासाठी आपण काय काय घेतो! नवे पडदे, नवे दिवे, नवा टीव्ही. या साऱ्या वस्तू दिसतात. पाहुणे त्यांचे कौतुक करतात. दारावर लावलेल्या पारदर्शक फिल्मचे कौतुक कुणी करणार नाही, कारण ती कुणाला दिसणारच नाही. कदाचित वर्षानुवर्षे तिचा काही उपयोगही होणार नाही, आणि तसे झाले तर त्याहून चांगले ते काय? पण एखाद्या दुपारी घरातले लहानगे चेंडूमागे धावले, काच खळ्‌कन तडकली, आणि ते घाबरून रडत, पण अखंड हातापायांनी, आईकडे परत आले, तर त्या दिवशी या खरेदीची किंमत त्या घराला कळेल.